कोपऱ्यातला उंट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' या विषयावर बोला म्हणून सांगितलं होतं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण मुदत ठेवींचे व्याजदर इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं, मी बुद्धिबळाच्या एका डावाबद्दल बोलतो. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "काका, पंचवीस मिनिटांत संपेल ना?" तो डाव पाच तासांच्या आसपास चालला होता, पण मी पंचवीस मिनिटांत संपवतो.

डाव आहे ११ मे २०१० चा, मंगळवारचा. ठिकाण बल्गेरियाची राजधानी सोफिया. जगज्जेतेपदाच्या लढतीतला बारावा आणि शेवटचा डाव. एका बाजूला आपले विश्वनाथन आनंद, दुसऱ्या बाजूला बल्गेरियाचे व्हेसेलिन टोपालोव, म्हणजे घरच्या मैदानावर खेळणारे. अकरा डाव संपले होते आणि दोघांचेही गुण साडेपाच-साडेपाच.

ही लढत सुरू होण्याआधीच आनंद यांची परीक्षा झाली होती. आठवत असेल, त्या एप्रिलमध्ये आइसलंडमध्ये ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेमुळे युरोपभर विमानं बंद पडली. आनंद फ्रँकफर्टला अडकले. शेवटी पत्नी अरुणा आणि सहकाऱ्यांसह गाडीने निघाले, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया असं करत, जवळजवळ चाळीस तासांचा प्रवास करून सोफियाला पोचले. लढत तीन दिवस पुढे ढकला अशी त्यांनी विनंती केली होती. मिळाला एक दिवस. २४ एप्रिलला पहिला डाव झाला आणि आनंद तो अवघ्या तीस खेळ्यांत हरले. दुसऱ्या दिवशी जिंकले. चौथा जिंकले, आठवा हरले, बाकीचे बरोबरीत. असं करत गाडी बाराव्या डावावर आली.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. बारावा डावही बरोबरीत सुटला असता, तर निकाल जलद डावांवर लागणार होता. आणि जलद बुद्धिबळात आनंद यांच्यासमोर उभं राहायला भले भले कचरायचे. म्हणजे बघा, दोघांनाही बरोबरी चालण्यासारखी होती, पण टोपालोव यांना ती नको होती. त्यात शेवटच्या डावात पांढरी मोहरी त्यांच्याकडे. जे काही करायचं ते आजच, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

हा डाव मी ज्यांच्याबरोबर बघितला ते आपले 'बी' विंगमधले अण्णा. नव्या सभासदांना ते माहीत नसतील. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उंच, हातात कायम पिशवी. मला 'मॅनेजर' म्हणायचे. मी शाखाधिकारी होतो खरा, पण त्यांच्या तोंडी त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच कळलं नाही. बुद्धिबळ ते गावाकडे आजोबांकडून शिकले होते, देशी नियमांनी. प्यादं एकच घर पुढे जाणार, आणि शह लागला नसेल तर राजा एकदा घोड्याची उडी मारू शकणार. इंग्रजी नियम नंतर वर्कशॉपच्या कँटीनमध्ये आत्मसात केले. तरी हरायला आले की म्हणायचे, "आजोबांच्या नियमाने राजा आता उडी मारून सुटला असता, मॅनेजर."

त्या मे महिन्यात माझ्या नोकरीचे शेवटचे वीस दिवस उरले होते. घरी आलो की काय करावं सुचायचं नाही. म्हणून मुलाच्या लॅपटॉपवर आम्ही दोघं हे डाव बघायचो. लॅपटॉपवर नुसत्या खेळ्या दिसायच्या, त्या आम्ही अण्णांच्या लाकडी पटावर मांडायचो. ही मधूनमधून चहा आणून द्यायची आणि विचारायची, "हलला का कोणी?" बहुतेक वेळा कोणी हललेलं नसायचं.

टोपालोव यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आनंद यांनीही तेच केलं. मग टोपालोव यांनी शेजारचं प्यादं पुढे करून मारायला दिलं. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. समोरचा आपल्याला एक प्यादं फुकट देतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे फुकटची वस्तू दिसली की मी आधी खालची बारीक अक्षरं वाचतो. इथेही तसंच आहे. ते प्यादं खाल्लं तर पटाचा मधला भाग समोरच्याला मोकळा मिळतो. म्हणून काळा म्हणतो, नको, तुमचं तुमच्याकडे ठेवा, आणि राजापुढचं प्यादं एक घर सरकवून आपलं मधलं प्यादं भक्कम करतो. हा क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे नाकारलेला. शंभराहून अधिक वर्षांचा जुना, बैठा, सोवळ्यातला बचाव. या लढतीत आनंद सहा वेळा काळ्या मोहऱ्यांनी खेळले. आधीच्या पाच डावांत त्यांनी स्लाव्ह किंवा ग्रुनफेल्ड हे बचाव वापरले होते, आणि त्यांतले दोन डाव हरले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी आजोबांच्या पेटीतला हा बचाव काढला.

अण्णा खूश झाले नाहीत. म्हणाले, "हे काय? आज बरोबरीच करायचीय वाटतं." मलाही तसंच वाटलं.

या बचावाची एक किंमत असते, ती मुलांनी लक्षात ठेवा. राजापुढचं प्यादं एकच घर पुढे टाकल्यामुळे वजिराच्या बाजूचा काळा उंट घरातच कोंडला जातो. पुढे आपलंच प्यादं, जायला रस्ता नाही. घर भक्कम होतं, पण एक माणूस आतल्या खोलीत अडकतो. या बचावात काळ्याचं अर्धं आयुष्य त्या उंटाचं काय करायचं या विवंचनेत जातं.

सातव्या खेळीला आनंद यांनी घोडा थेट पटाच्या मध्यावर नेऊन ठेवला. अण्णा म्हणाले, "हा लास्कर." त्यांना हे माहीत होतं आणि मला नव्हतं, याची नोंद इथे करून ठेवतो. इमॅन्युएल लास्कर हे जर्मन गणिती, १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षं जगज्जेते. एवढा काळ ते पद दुसऱ्या कोणी राखलेलं नाही. पुढे हिटलरच्या राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला, १९४१ मध्ये न्यूयॉर्कला ते गेले. या बचावाला त्यांचं नाव आहे. घोडा मध्ये नेला की उंटाला उंट जातो, मग घोड्याला घोडा. काळ्याकडे जागा कमी आहे ना, मग गर्दी कमी करा. आपल्यापैकी ज्यांनी संसाराची पहिली वर्षं एका खोलीत काढली आहेत, त्यांना हे समजवायला नको. खोली वाढवता येत नसेल तर आधी ते जुनं टेबल काढायचं.

आणि तसंच झालं. अठराव्या खेळीपर्यंत दोघांकडे एकेक वजीर, दोन-दोन हत्ती आणि सहा-सहा प्यादी उरली. शिवाय टोपालोव यांच्याकडे एक घोडा, आणि आनंद यांच्याकडे तोच, घरात कोंडलेला उंट. तोपर्यंत तो जागचा हललेला नव्हता. एकोणिसाव्या खेळीला तो पहिल्यांदा बाहेर आला.

मग बराच वेळ काही घडलं नाही. नवख्या माणसाला वाटावं की दोघं नुसते सरकासरकी करताहेत. आनंद यांचं एक प्यादं एकटं पडलं होतं, त्यावर टोपालोव यांचा डोळा. त्यांनी उंटाच्या वाटेत प्यादं आडवं घातलं आणि राजा त्याच तिरक्या रेघेवर, प्याद्याच्या मागे आणून ठेवला. कुंपण आहे म्हणून निर्धास्त. उंट इकडून तिकडे गेला, परत आला. शेवटी टोपालोव यांच्या घोड्याने त्याला हुसकलं आणि अठ्ठाविसाव्या खेळीला तो पटाच्या पार कोपऱ्यात जाऊन बसला. मी म्हटलं, "अण्णा, उंट गेला अडगळीत." अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते त्या रेघेवरून बोट फिरवत होते. कोपऱ्यातल्या उंटापासून ते बोट सरळ खाली आलं आणि पांढऱ्या राजापाशी थांबलं. मध्ये होतं फक्त ते एक प्यादं.

आणि मग लाईट गेली.

त्या काळात आपल्याकडे भारनियमनाचं काय होतं हे जुन्या सभासदांना सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी होती, पण मोडेम बंद पडला. शेवटची दिसलेली खेळी तिसावी. टोपालोव यांनी राजापुढचं प्यादं पुढे टाकलं होतं आणि आनंद यांनी त्याच्या तोंडाशी आपलं प्यादं नेऊन ठेवलं होतं. खा म्हणून. आम्ही इमर्जन्सी दिवा लावला आणि पटावर वाकलो.

मी म्हटलं, "खाल्लं."

अण्णा म्हणाले, "खाऊ नका."

"अहो, फुकट आहे."

"मॅनेजर, तुम्ही बारीक अक्षरं वाचणारे ना?"

मी काही ऐकलं नाही. प्यादं खाल्लं. अण्णांनी अंधारात चाचपून दुसरं प्यादं एक घर पुढे सरकवलं, माझ्या कुंपणाच्या प्याद्यासमोर तिरकं. मी तेही खाल्लं. खाल्ल्यावर दिव्याच्या उजेडात दिसलं. कुंपण उठलं होतं. कोपऱ्यापासून माझ्या राजापर्यंत सरळ मोकळी रेघ. अण्णांनी काळा वजीर त्या रेघेवर आणून ठेवला आणि शह दिला. मागे कोपऱ्यात उंट. राजा सरळ मागे गेला तर पुढच्याच खेळीला मात. आता पुढेच यायचं, उघड्यावर.

पंधरा-वीस मिनिटांनी लाईट आली. मोडेमचे हिरवे दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो होतो. पान उघडलं. टोपालोव यांनी पहिलं प्यादं खाल्लं होतं. दुसरंही खाल्लं होतं. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आणि मी, आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी अगदी तीच चूक केली. माझ्या बुद्धिबळाच्या कारकिर्दीतला हा सर्वोच्च बिंदू म्हणायला हरकत नाही.

जाणकारांनी नंतर सांगितलं की पहिलं प्यादं खाल्ल्यावरही अजून सगळं गेलेलं नव्हतं. दुसरं खाल्लं तिथे डाव गेला. एवढ्या मोठ्या खेळाडूला ते दिसलं नसेल का? मला वाटतं, डोळ्यांना दिसतं, पण माणूस निघालेला असतो. हे मी अनुभवाने सांगतो. फार वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या आंतरविभागीय स्पर्धेत शेवटची फेरी होती. संघाला माझ्याकडून अर्धा गुण पुरेसा होता. समोरच्याने बरोबरीचा हात पुढे केला आणि मी तो नाकारला, कारण माझी परिस्थिती जरा बरी होती आणि मला ढाल घेऊन शेवटच्या लोकलने घरी जायचं होतं. नऊ खेळ्यांत हरलो. लोकल मिळाली, ढाल नाही. संघातला एक शिपाई होता, फार सुंदर खेळायचा, त्याच्या घरी तशी एकही वस्तू नव्हती. तो मला काही बोलला नाही. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात जेवायला बसलो तेव्हासुद्धा मला ती ढालच आठवत होती.

असो. सोफियात काय झालं ते सांगतो. टोपालोव यांचा राजा बाहेर आला, पटाच्या काठाला. इथे आनंद शहांमागून शह देत बसले नाहीत. आधी हत्ती पुढे आणला आणि मग वजीर चक्क मागे, आपल्या घरच्या ओळीत नेला. आम्हाला दोघांनाही कळेना. लढाई ऐन रंगात आणि वजीर घरी? पण दोन खेळ्यांत तो बिचारा राजा आणखी एक घर पुढे, पटाच्या जवळजवळ मध्यापर्यंत चालत आला. राजाने डावाच्या मध्यात एवढं चालणं बरं नव्हे. चाळिसाव्या खेळीच्या सुमारास टोपालोव यांनी हत्ती-घोड्यांनी उलटे शह दिले, आमच्या छातीत धडधडलं, पण आनंद यांचा राजा दोन घरं सरकून स्वस्थ उभा राहिला.

सेहेचाळिसावी खेळी मला पाठ आहे. हत्तीने शह दिला होता, टोपालोव यांना आपल्या वजिराने तो हत्ती मारावा लागला. आणि त्या वजिराला कोणी मारलं? तर अठ्ठाविसाव्या खेळीपासून कोपऱ्यात बसून राहिलेल्या त्या उंटाने. पटाच्या एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाकडे, एका दमात. लगेच राजाने त्याला मारलं. त्याचं काम झालं होतं. पुढे दहा खेळ्या आणखी झाल्या आणि छप्पन्नाव्या खेळीनंतर टोपालोव यांनी डाव सोडला. साडेसहा-साडेपाच. जगज्जेतेपद आनंद यांच्याकडेच राहिलं.

अण्णांनी मोठ्याने काही म्हटलं नाही. काळा उंट उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा कोपऱ्यातल्या घरात ठेवला. मग म्हणाले, "मॅनेजर, उद्या ऑफिस आहे ना? झोपा."

त्यानंतर सात वर्षं आम्ही जवळजवळ रोज खेळलो. गेटजवळच्या बाकावर, वाहनतळाचा वाद पेटला होता तेव्हा त्या वादाच्या अगदी मधोमध. मग २०१७ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. तीन महिन्यांनी मी पट घेऊन गेलो. बत्तीस मोहरी मांडली. पाच-सहा खेळ्यांत त्यांच्या कपाळावर घाम. कुठला घोडा कुठून आला हे त्यांच्या ध्यानात राहीना, आणि राहत नाही हे मात्र त्यांना कळत होतं. ते बघवत नव्हतं. सूनबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, त्यांना त्रास होतो हो. राहू द्या आता." मलाही पटलं. आत येऊन मी पट आवरायला लागलो.

तर अण्णांनी डाव्या हाताने माझा हात धरला. मग माझा एक उंट उचलून बाजूला ठेवला. आपला एक उंट ठेवला. मग माझा घोडा, आपला घोडा. सावकाश. माझा दुसरा उंट, आपला दुसरा घोडा. दोन-दोन प्यादी. शेवटी वजीर, हत्ती, सहा-सहा प्यादी, मला एक घोडा आणि त्यांना एक उंट एवढंच राहिलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं... जमेल."

मला हा मांड ओळखायला एक मिनिट लागलं.

तिथून पुढे आम्ही असेच खेळलो. काही दिवसांनी वजीरही काढले, मग एकेक हत्ती. शेवटच्या वर्षात तर राजा, उंट आणि तीन-चार प्यादी एवढाच डाव असायचा. पण त्या तेवढ्या डावात ते मला दहातून सहा वेळा हरवायचे, आणि मी मुद्दाम हरलो तर त्यांना लगेच कळायचं. पट उलटा फिरवून "परत" म्हणायचे. सूनबाईंनी पुन्हा कधी मला बाहेर बोलावलं नाही, उलट चहाबरोबर खारी यायला लागली.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांच्या मुलाने तो पट आणि मोहऱ्यांची डबी सोसायटीला दिली. सध्या ती ऑफिसच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, निवडणुकीच्या फायलींच्या शेजारी. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी इथे, या सभागृहात पंख्याखाली बसतो. मुलं येतात, कधी सात, कधी दोन. परवा पहिलीतल्या एका मुलीने मला विचारलं की आजोबा, उंट तिरका का चालतो? मला उत्तर आलं नाही. अण्णांनी काहीतरी ठोकून दिलं असतं.

ज्यांना हा डाव पटावर बघायचा असेल त्यांनी येत्या रविवारी यावं, मी छप्पन्नही खेळ्या लावून दाखवीन. फक्त एक सांगून ठेवतो. मोहऱ्यांमधला एक काळा उंट, नेमका वजिराच्या बाजूचा, अण्णांच्या नातवाने लहानपणी कुठेतरी हरवला. त्याच्या जागी त्यांच्या रेल्वेच्या कोटाचं एक पितळी बटण आहे. मुलांनी ते खिशात घालू नये, आणि आवरताना कोपऱ्यातल्या घरात राहून गेलं नाही ना, हे बघून मग डबी बंद करावी.